वर्षाचा आराखडा की तिमाही आखणी?

वैयक्तिक ध्येये लिहून काढावीत, ती मोजता येण्याजोगी असावीत आणि प्रत्येकाला मुदत असावी, हे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडलेली ‘स्मार्ट’ ही कसोटी (ध्येय नेमके, मोजता येणारे, मुदत असलेले इत्यादी असावे) प्रशिक्षणवर्गांतून इतक्या वेळा गिरवून झाली आहे की तिची उजळणी येथे करत नाही. त्या कसोटीतील एका अंगाबद्दल मात्र पुरेसे बोलले जात नाही, आणि ते म्हणजे मुदत किती लांब असावी. वर्षभराचा एकच आराखडा करावा, की एका वेळी साधारण तीन महिन्यांचाच विचार करावा? मी काही वर्षे पहिला मार्ग वापरला आणि नंतर दुसऱ्याकडे वळलो. दोन्ही मार्गांनी चाललेली माणसे माझ्या ओळखीत आहेत आणि दोन्हीकडे यशस्वी माणसे आहेत, त्यामुळे पुढील मजकूर निकाल म्हणून न वाचता एका हिशेबनिसाची निरीक्षणे म्हणून वाचावा.

वर्षाच्या आराखड्याची बाजू दुबळी नाही. वर्ष ही मुदत आपल्या व्यवहारात आधीच रुजलेली आहे. पगारवाढ, शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र हे सारे तिच्याच आधाराने चालते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, उदाहरण घ्यावे. त्यात एका आर्थिक वर्षात दीड लाख रुपयांपर्यंत रक्कम भरता येते आणि महिन्याचे व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाते, त्यामुळे एकरकमी पैसे भरणाऱ्याने ते ५ एप्रिलपर्यंत भरले तर पूर्ण वर्षाचे व्याज पदरात पडते. अशा ध्येयाचे तिमाही तुकडे पाडण्यात काही अर्थ नाही. गृहकर्जाची मुदतपूर्व फेड किंवा ज्या परीक्षेचे पूर्व, मुख्य आणि मुलाखत हे टप्पे दुसऱ्या कोणीतरी वर्षभरावर पसरवून ठेवले आहेत तिची तयारी, या बाबतींतही वर्षाचीच नजर हवी. शिवाय वर्षाचा आराखडा एकदाच करावा लागतो, आणि ज्यांना आखणीचाच कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही सोय लहान नाही.

माझे मन वळले ते एकाच त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे थकबाकी. ज्ञानेश्वरी अर्थासह पूर्ण वाचायची, असे ध्येय एका जानेवारीत मी लिहिले होते. अध्याय अठरा आहेत, म्हणून महिन्याला दीड अध्याय अशी विभागणी कोणालाही सुचेल, पण ती टिकत नाही. बाराव्या अध्यायात २४७ ओव्या आहेत, तर अठराव्यात अठराशेहून अधिक. म्हणून हिशेब ओव्यांचाच करावा लागतो. सुमारे नऊ हजार ओव्या आणि ३६५ दिवस, म्हणजे रोज पंचवीस ओव्या. हे माप मुळीच जड नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत ते जड वाटलेही नाही. पुढे मार्च आला. ज्यांचा हिशेब विभागाशी संबंध आला आहे त्यांना मार्चअखेर म्हणजे काय हे सांगायला नको. ताळेबंद जुळेपर्यंत संध्याकाळ आपली नसते. महिनाभर वाचन बंद राहिले असे धरले, तर १ एप्रिलला साडेसातशे ओव्यांच्या आसपास बाकी उभी राहते.

आता गंमत अशी की ही बाकी कागदावर क्षुल्लक आहे. उरलेल्या नऊ महिन्यांवर ती पसरली तर रोजच्या पंचवीसच्या जागी अठ्ठावीस ओव्या वाचाव्या लागतात, इतकेच. परंतु मन हा हिशेब मान्य करत नाही. मनाला बाकी आधी फेडायची असते, चालू हप्ता नंतर. त्यामुळे एप्रिलभर पोथी उघडताना पहिला प्रश्न ‘आज काय वाचायचे’ हा नसून ‘आपण किती मागे आहोत’ हा असायचा, आणि ज्या वाचनातून समाधान मिळायचे होते त्याला वसुलीचा वास येऊ लागला. इंग्रजी संभाषणाचा सराव आणि पोटाचा घेर ही त्याच पानावरची आणखी दोन ध्येये होती. त्यांच्याही बाक्या शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या, आणि मेमध्ये ते पान उघडणे हेच एक काम होऊन बसले.

मनाला समजावून बाकी वर्षभरावर पसरली, तर दुसरी आणि माझ्या मते अधिक घातक गोष्ट घडते. चुकलेल्या दिवसाची किंमत जवळजवळ शून्य होते. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी पंचवीस ओव्या टाळल्या तर उरलेल्या प्रत्येक दिवसाच्या वाट्याला पाव ओवीसुद्धा वाढत नाही, मग त्या संध्याकाळी बसायचे कशासाठी? प्रत्येक संध्याकाळ असाच युक्तिवाद करू शकते आणि प्रत्येक वेळी तो अंकगणिताने बरोबरच असतो. अशा रीतीने वर्षाच्या मुदतीत थकबाकी एक तर छातीवर बसते किंवा हवेत विरून जाते. तिचे योग्य वजन आपल्याला कधीच जाणवत नाही. इतरांना हा त्रास कदाचित होत नसेल. मला तो दरवर्षी झाला.

या अनुभवाला थोडा बाहेरचा आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये गणितात मागे पडलेल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सात बैठकींत बेचाळीस पानांची वजाबाकीची उदाहरणे सोडवायची होती. काही मुलांना ‘दर बैठकीला सहा पाने’ असे जवळचे ध्येय दिले गेले, तर काहींना ‘सातव्या बैठकीच्या शेवटी बेचाळीस पाने’ असे दूरचे. एकूण काम तेच असूनही जवळचे ध्येय असलेली मुले गणितात पुढे गेली, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि विषयातील रसही. लहान मुलांची वजाबाकी आणि मोठ्यांचा संसार यांत अंतर आहे हे मान्य करूनही हा निष्कर्ष मला ओळखीचा वाटतो.

तिमाही आखणीत थकबाकी नसते असे नाही. ती नीट बोचते, एवढाच फरक. बारा आठवड्यांपैकी दोन आठवडे वाया गेले तर ते दिसते, आणि उरलेल्या दहांत काय शक्य आहे हे बोटांवर मोजता येते. मुदत संपली की खाते बंद होते. जे झाले नाही ते आपोआप पुढे ओढले जात नाही. ते हवे असेल तर नव्याने लिहावे लागते, आणि लिहिताना ते खरोखर हवे आहे का, याचे उत्तर द्यावे लागते. पोटाचा घेर माझ्या यादीतून अशाच एका मुदतीच्या शेवटी गेला आणि त्याच्या जागी ‘आठवड्यातून चार दिवस पहाटे टेकडी’ हे आले, जे आजतागायत टिकून आहे. वर्षाच्या आराखड्यात तो घेर डिसेंबरपर्यंत मला पानावरून पाहत राहिला असता.

कंपन्यांमध्ये ही पद्धत नवी नाही. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली उद्दिष्टांची पद्धत गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेली, आणि तिचा ठोका तिमाहीचाच राहिला. मात्र कंपनीची तिमाही जशीच्या तशी घरात आणावी असे मी म्हणणार नाही. वर्षात चार तिमाह्या येतात हे पंचांगाचे गणित झाले. माझ्या वर्षात तीनच बसतात. पहिली एप्रिलच्या मध्यापासून आषाढीच्या सुमारापर्यंत, दुसरी तेथून दसऱ्याच्या आसपासपर्यंत, आणि तिसरी दिवाळी आटोपल्यावर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. मार्च पूर्णपणे मोकळा सोडलेला आहे. गणपतीचे दिवस दुसऱ्या मुदतीत येतात आणि तेथे एक आठवडा आधीच वजा धरलेला असतो. शेतकऱ्याला खरीप, रब्बी आणि उन्हाळी हे हंगाम जसे जमिनीने आणि पावसाने ठरवून दिलेले असतात, तसे नोकरदाराचे हंगाम त्याच्या कार्यालयाने आणि घराने ठरवलेले असतात. ते ओळखून मुदत आखली तर निम्मे काम होते. शिक्षकाचा, दुकानदाराचा किंवा परदेशी वेळेनुसार काम करणाऱ्याचा मोकळा काळ वेगळा असणार, त्यामुळे माझ्या तारखा कोणी उचलू नयेत.

आपल्याकडे तर मर्यादित मुदतीच्या नेमाची जुनी सवय आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासाचा नेम धरणारी माणसे बहुतेक घरांत होती आणि आजही आहेत. कोणी एकभुक्त राहते, कोणी कांदा-लसूण सोडते, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचते. कार्तिकीनंतर नेम सोडला तर कोणी नावे ठेवत नाही, आणि पुढच्या आषाढीला नवा नेम धरायला मागची बाकी आड येत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हा नेम धरलेल्यांनी जो सुस्कारा टाकला तोही मुदतीचे महत्त्वच सांगत होता.

तिमाहीचा खरा लाभ मला जर्मन भाषेच्या बी-वन, म्हणजे मध्यम पातळीच्या, परीक्षेत जाणवला. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडील मॅक्स म्युलर भवनाच्या, या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येक भाग शंभर गुणांचा असून उत्तीर्ण होण्यास साठ लागतात, आणि हे भाग एकत्र किंवा वेगवेगळे देता येतात. ‘वर्षअखेरीस बी-वन’ असे लिहिले की चारही भागांचा थोडा थोडा अभ्यास होत राहतो आणि कोणताही हाती लागत नाही. ‘या मुदतीत वाचन आणि श्रवण’ असे लिहिले की रोजच्या तासाचे काय करायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही. मी ते दोन भाग आधी दिले, लेखन पुढच्या मुदतीत घेतले आणि संभाषण शेवटी. सगळे एकाच वेळी देणारे माझ्यापेक्षा लवकर मोकळे झाले, हेही नमूद केले पाहिजे.

कारण तिमाहीचे दोष खरे आहेत. तीन महिन्यांत बसेल असेच ध्येय लिहिण्याची सवय लागते आणि मोठी गोष्ट नजरेआड होते. तीन मुदती उत्तम पार पडाव्यात आणि वर्षाच्या शेवटी आपण कोठेच पोहोचलेलो नसावे, असेही घडू शकते. नव्याची हौस असलेल्यांना तर दर तिमाहीला छंद बदलण्याचा परवानाच मिळतो. सवयींबाबतही सावध राहावे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तिपरत्वे हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. बारा आठवड्यांचे ८४ दिवस सरासरीला पुरतात, सर्वांना पुरतात असे नाही. या दोषांवर माझा उपाय साधा आहे: वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचे एकच वाक्य असते, त्याला आकडे नसतात, आणि नवी मुदत लिहिण्यापूर्वी ते वाचले जाते. वही की मोबाईलवरील ॲप, हा वाद मला गौण वाटतो; जे रोज उघडले जाते ते चांगले.

तेव्हा ज्यांचे ध्येय पैशाचे आहे किंवा ज्याची तारीख दुसऱ्याच्या हाती आहे, त्यांनी वर्षाचाच आराखडा ठेवावा, हे मी निःशंकपणे सांगेन. माझी पीपीएफची नोंद आजही वर्षाच्याच पानावर आहे. ज्यांची ध्येये शिकण्याची, वाचण्याची किंवा शरीर राखण्याची आहेत आणि ज्यांना मागील बाकीचे ओझे लवकर जाणवते, त्यांना मात्र एक तिमाही करून पाहावी असे सुचवावेसे वाटते. दोनच ध्येये घ्यावीत आणि तेरावा आठवडा रिकामा ठेवावा. आणि नोकरी हिशेबाशी संबंधित असेल, तर पहिली मुदत जानेवारीच्या उत्साहात सुरू न करता एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडू द्यावा.