जुन्या स्पोर्ट्स कारवर स्वस्तातला ओबीडी डोंगल: दिवाळी ते श्रावण वापरून

घाटावरच्या एका सर्व्हिस सेंटरने माझ्या गाडीचं एबीएस मॉड्यूल (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा कंप्युटर) गेलंय म्हणून लाखाच्या वरचं कोटेशन हातात ठेवलं, आणि रत्नागिरीत परत आल्यावर तेच काम चाकाजवळच्या वायरचा एक प्लग साफ करून तीनशे रुपयांच्या स्प्रेमधे झालं. तेव्हापासून डोक्यात होतं की तो दोष दाखवून देणाऱ्या ह्या डोंगलबद्दल, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड फोनवर दाखवणाऱ्या डबीबद्दल, नीट लिहायचं. पण नुसतं कौतुक वाचायला मिळेल असं समजू नका, शिव्या घालायला पण त्याने भरपूर कारणं दिलीयत.

डोंगल म्हणजे तोच हो, निळा, ब्लूटूथवाला, वर ईएलएम ३२७ हे चिपचं नाव लिहिलेला, सगळीकडे मिळतो तो. साडेसहाशेला पडला. त्याच्यावर आवृत्ती १.५ छापलंय, जी मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने कधी काढलीच नाही, त्यांचं १.४ नंतर डायरेक्ट २.० होतं. म्हणजे नक्कल करणाऱ्याने वर स्वतःची आवृत्ती पण काढली! असो, साडेसहाशेत अस्सल माल मिळेल अशी माझी पण अपेक्षा नव्हती. आयफोनवाल्यांनी ह्याच्या नादी लागू नका, जोडलाच जात नाही, त्यांना वायफायवाला किंवा बीएलईवाला (कमी विजेच्या ब्लूटूथचा) लागतो.

गाडी २०११ ची, जर्मन, दोन दारांची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, एमएच-१२ पासिंग, मी तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं सोडून नावावरच बोलायला लागतात. आपल्याकडे ओबीडी २ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं २०१३ च्या एप्रिलपासून, त्यामुळे २०११ च्या गाडीला हा चालेल का अशी शंका होती, पण युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासूनच ते लागू होतं, सो स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट व्यवस्थित होतं. लावला, जोडला, चालला.

गाडी घरी आणली त्याच संध्याकाळी पहिल्यांदा लावला. फॉल्ट कोड शून्य, मी खूष. मग अ‍ॅपमधे खाली खाली जाताना एक ओळ दिसली, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ती. त्यातून पुणे ते रत्नागिरी अंतर वजा केलं तर उरले जेमतेम पाच-सहा किलोमीटर! म्हणजे एजंटने गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी सकाळी सगळे कोड पुसून ठेवलेले. जुनी गाडी बघायला जाताना हा डोंगल खिशात ठेवाच, आणि कोड नाहीत एवढ्यावर भाळू नका, ही ओळ बघा आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते) बघा, ते अपूर्ण दिसत असतील तर कोणीतरी नुकतंच पुसलंय नाहीतर बॅटरी काढलेली आहे. आणि चावी फिरवल्यावर इंजिनचा, एबीएसचा, एअरबॅगचा असे सगळे दिवे आधी पेटून मग विझतात ना ते पण बघा. जो पेटतच नाही त्याची चौकशी आधी करा.

जानेवारीत आरे-वारेचा चढ चढताना गाडी थरथरायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. इथे एक सांगतो, पिवळा दिवा नुसता पेटून राहिला तर हळूहळू घरी जाता येतं, पण लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे पेट्रोल नीट जळत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन त्याला भाजून काढतं, आणि त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकलीत तर समुद्र बघायची इच्छाच जाईल. (लाल दिवा, म्हणजे ऑइल प्रेशर किंवा कूलंट, त्याला तर कोड बिड काही बघायचं नाही, तिथेच बाजूला घेऊन बंद.) गाडी बाजूला लावली, डोंगल लावला, कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा.

आता पी०३०३ आला म्हणजे कॉइलच (ठिणगीसाठी करंट देणारी) गेली असं नाही, स्पार्क प्लग असू शकतो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असू शकतो. मिरकरवाड्याला मच्छीमारी बोटींची इंजिनं करणारा एक मिस्त्री आहे ओळखीचा, त्याने काय केलं तर तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला, आणि म्हणाला जावा एक चक्कर मारून या. भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो तर कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर पहिल्यावर गेला, म्हणजे कॉइलच. एक कॉइल मागवली, बसवली, विषय संपला. त्या दिवशी मी ह्या डोंगलला पाचपैकी पाच स्टार दिले असते आणि दोन-तीन जणांना घ्यायला पण लावला.

मग आला आंब्याचा सीझन.

आमच्याकडे एप्रिल-मे मधे माणसाला जेवायला फुरसत नसते तिथे दोन दारांच्या गाडीला कोण विचारतो. गाडी शेडमधे उभी. मे अखेरीला चावी फिरवली तर एका दमात इंजिन, एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे दिवे चालू, आणि स्टार्टर नुसता टक टक टक. पोटात गोळा. म्हटलं आता गाडी विकूनच टाकावी लागणार. इलेक्ट्रिशियन आला, त्याने मीटर लावला, बॅटरी झोपलेली. व्होल्टेज पडलं की ह्या गाड्यांमधले सगळे कंप्युटर एकदम बोंब मारायला लागतात, त्यातला निम्मा गोंधळ खोटा असतो, म्हणून जुन्या गाडीत खूप दिवे एकदम पेटले तर पहिल्यांदा बॅटरी तपासा, कोडच्या मागे नंतर लागा.

पण बॅटरी एवढी उतरली कशी? कारण सॉकेटच्या १६ नंबर पिनला गाडी बंद असली तरी कायम करंट असतो आणि हा निळा शहाणा चोवीस तास त्यावर जगतो. इलेक्ट्रिशियनने मोजला, ४५ मिलीअँपिअर. दिसायला काहीच नाही, पण दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर जातो, महिन्याला बत्तीसेक, आणि माझी बॅटरी ७० ची, त्यात गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा. म्हणजे दिवे शोधायला घेतलेल्या वस्तूनेच सगळे दिवे पेटवून दाखवले.

आणि आता मुख्य मुद्दा. ह्याला स्विच का नाही? पंख्याला स्विच आहे, मिक्सरला आहे, गणपतीच्या लायटिंगच्या माळेला आहे, पोरांच्या खेळण्यातल्या गाडीला पण पोटाखाली एक स्विच असतो. ह्याला निळा दिवा द्यायला पैसे होते, तो पण असला भगभगीत की रात्री शेडमधे काचेतून दिसतो, पण पाच रुपयांचं स्विच द्यायला जड गेलं. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर, सर वापरून झाल्यावर काढून ठेवावा. अरे बाबा, तुला माहिती आहे का ते सॉकेट कुठे आहे? गाडी एवढी बसकी की सीटवरून हात पोचत नाही, दार उघडून बाहेर गुडघ्यावर बसून मान पेडलपाशी घालायची, आणि हे कोकणात, जूनमधे, मागून पाऊस पाठीवर. माझं वय पन्नाशीच्या पुढे. ऑटो स्लीपवाले डोंगल मिळतात हे मला माहिती आहे, तीन-चार हजारांना, पण मग साडेसहाशेचं कौतुक काय राहिलं.

शेवटी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची एक एक्स्टेंशन केबल घेऊन तिच्यातली १६ नंबरची तेवढी एक वायर कापून मधे स्विच टाकून घेतलं, सीटच्या बाजूला आणून चिकटवलं. आता उत्तम चालतं. पण माझा राग गेलेला नाही, हे मी लिहून ठेवतोय.

पावसाळा सुरू झाला आणि एक दिवस हातखंब्याजवळ एबीएस, ईएसपी आणि टायर प्रेशर असे तीन दिवे एकदम आले. बॅटरी नवी, व्होल्टेज ठीक, स्विच चालू केलं, डोंगल म्हणतो कोड नाहीत. समोर तीन दिवे, आणि हा म्हणतो सगळं छान! तेव्हा त्याला खिडकीतून फेकणार होतो. नंतर भाच्याने समजावलं की फुकटचं अ‍ॅप फक्त इंजिनच्या कंप्युटरशी बोलतं, कायद्याने तेवढंच सगळ्या गाड्यांना सारखं आहे, एबीएस, एअरबॅग वगैरे प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा, त्याला वेगळं अ‍ॅप लागतं. ते पैसे मोजून घ्यायचं माझ्या जिवावर आलं म्हणून आंबा घाट चढून सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी स्कॅनिंगचे पैसे घेतले ते त्या अ‍ॅपच्या दुप्पट, वर सांगितलं मॉड्यूल गेलं. म्हटलं कोड काय आला ते लिहून द्या. तर म्हणे रिपोर्ट इंटरनल असतो, कस्टमरला देत नाही. गाडी माझी, पैसे माझे आणि रिपोर्ट इंटरनल! काउंटरवर बऱ्यापैकी आवाज चढला माझा, पण रिपोर्ट काही दिला नाही.

त्या रागात रात्री अ‍ॅप विकत घेतलं. आणि इथे मला मत बदलावं लागलं. तोच डोंगल, तोच स्विच, पण आता एबीएसच्या कंप्युटरमधून कोड आला: पुढचा उजवा व्हील स्पीड सेन्सर, सिग्नल अधूनमधून जातोय. मॉड्यूलचा काहीच कोड नाही. मग दुसऱ्या दिवशी हिला शेजारी बसवलं, हातात फोन दिला, चार चाकांचे स्पीड लाइव्ह लावले आणि भाट्याच्या बाजूला गाडी सावकाश नेली. ही वाचत होती, "बावीस, बावीस, बावीस... अहो हा शून्य. आता बावीस. परत शून्य." खड्ड्यात चाक गेलं की उजवा गायब. मॉड्यूल गेलं असतं तर एकच चाक असं खड्ड्याखड्ड्याला कशाला रुसेल?

मिस्त्रीने उजवं चाक काढलं, मडगार्डच्या आतलं प्लास्टिक सोडवलं, सेन्सरचा प्लग उघडला. आत दोन पिना, त्यातली एक पूर्ण हिरवी, बुरशी आल्यासारखी, रबराचं सील एका बाजूने फाटलेलं. तो म्हणाला, "शेठ, बोटीवर आमच्याकडं रोज हेच. खारं पाणी तांब्याला सोडत नाय." कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने घासलं, डायइलेक्ट्रिक ग्रीस (प्लगमधे पाणी शिरू न देणारं) भरलं, सील बदललं. कोड पुसला, थोडं चालवल्यावर तिन्ही दिवे गेले. तिन्ही एकदम जायचं कारण एवढंच की ईएसपी आणि माझ्या गाडीचं टायर प्रेशर दोन्ही त्याच चाकाच्या सेन्सरवर अवलंबून, टायरमधे वेगळा सेन्सर नाहीच, चाक किती वेगाने फिरतंय त्यावरून हवा कमी झाली का ते ओळखतात. लाखाचं मॉड्यूल घातलं असतं तरी हिरवी पिन हिरवीच राहिली असती.

समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी चारही चाकांचे हे प्लग उघडून ग्रीस भरून घ्या, खर्च काही नाही. मी बाकीचे तीन पण उघडले, मागचा एक हिरवा व्हायला लागलाच होता.

तर मार्क? डोंगलला तीन, अ‍ॅपला चार. अॅपबद्दल तक्रार एवढीच की मोठं उत्तर आलं की नकली चिप मधेच गप्प बसते, परत जोडावं लागतं, आणि फुल स्कॅनला चहा गार होतो. तरी सर्व्हिस सेंटरच्या एका स्कॅनिंगमधे दोन्ही वसूल झाले.

सध्या एअरबॅगचा दिवा आलाय. कोड ड्रायव्हर सीटकडचा दाखवतोय, सीट पुढेमागे करून करून खालचा पिवळा प्लग ढिला होतो असं बऱ्याच गाड्यांत होतं, तेच असणार. पण त्या पिवळ्या प्लगला मी हात लावणार नाही आणि तुम्ही पण लावू नका, आधी बॅटरी काढून थोडा वेळ थांबावं लागतं आणि ते काम माहीतगारानेच करावं. सांगून ठेवलंय, पण आता चाकरमानी यायला लागले, प्रत्येकाची गाडी हायवेच्या खड्ड्यांनी काहीतरी मोडून घेऊन येते, त्यामुळे माझा नंबर गौरी-गणपती गेल्यावर.