माउंट केनिया ट्रेक: गाइड एक नंबर, स्लीपिंग बॅग भंगार

किलिमांजारोला सगळेच जातात म्हणून जानेवारीत मुद्दाम माउंट केनिया केला, नैरोबीच्या एका एजन्सीचं 4 रात्रींचं पॅकेज, सिरिमॉन गेटने वर आणि चोगोरियाने खाली. आधीच सांगतो, बाटियान (5199 मीटर) आणि नेलियन हे दोर लावून चढणाऱ्यांचे सुळके, आपल्यासारखी चालणारी मंडळी पॉइंट लेनानापर्यंत, 4985. ज्वालामुखी कधीच विझला, त्याच्या नरड्यात गोठलेला दगड तेवढा सुळके होऊन उरलाय. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो भेगांतून पसरून थरावर थर बसलेला, हे प्रकरण वेगळंच.

गाइडला पैकीच्या पैकी मार्क. मी साल्हेर-बिल्हेर केलेला माणूस, पहिल्या दिवशी ओल्ड मोझेस कॅम्पला पाय उचलत सुटलो तर हा मागून एकच, "पोले पोले", म्हणजे हळू हळू, आणि दुसऱ्या दिवशी शिप्टन्स कॅम्पला 4200 वर बुटाची लेस बांधायला वाकलो आणि धाप लागली तेव्हा कळलं का सांगत होता ते. आचारी तर देवमाणूस, त्या थंडीत केरोसिनच्या स्टोव्हवर चपात्या, इथेही चपातीच म्हणतात फक्त जाड आणि तेलकट, सोबत मसूर. माझी भडंगाची पिशवी मात्र हायरॅक्सने पळवली, दिसायला गुबगुबीत घूस आणि म्हणे नातेवाईक हत्तीचा!

आता भांडण. भाड्याने घेतलेल्या स्लीपिंग बॅगेची चेन गुडघ्यापाशी अडकलेली, वर जाईना खाली येईना, वास तर विचारू नका. अंगात होतं नव्हतं ते सगळं घालून रात्रभर कुडकुडलो आणि अडीचला उठून तसाच निघालो. एवढ्या पैशात गेटवर एकदा उघडून बघायला काय जातं?

लेनानावर सहानंतर उजाडलं आणि खाली लुईस ग्लेशियर दिसलं. विषुववृत्ताला खेटून बर्फ म्हणून केवढी हवा केलेली, बघतो तर मळकट, एवढंसं. गाइडने काठीने खालचा दगडगोट्यांचा उतार दाखवला, म्हणाला मी पोरगा होतो तेव्हा तिथपर्यंत बर्फ होता.

जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, बॅग स्वतःची न्या, आणि उतरताना चोगोरियाच सांगा, मायकेलसन लेकसाठी. भाड्याचे पैसे परत मागितलेत, तीन आठवडे झाले, दोन निळ्या टिका दिसतात फक्त.