पूररेषेतून प्लॉट काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला आमचं गाव आहे. मी ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. मुलानं घर बांधावं म्हणून गावाच्या कडेला साडेपाच गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता. त्या प्लॉटपायी माझे ८५ हजार रुपये गेले. पैसे घेणारा माणूस अजून या भागात फिरतोय, आणि दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी या नद्यांकाठी माझ्यासारखे प्लॉटवाले गावोगाव आहेत, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

ऑगस्ट २०१९ चा पूर इथं कुणी विसरलेलं नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली होती. वर काळम्मावाडी धरणातून पाणी सुटत होतं, खाली कृष्णा तुंबलेली, त्यामुळं दूधगंगेला पुढं जायला वाटच नव्हती. आमच्या प्लॉटवर मांडीभर पाणी चार दिवस होतं. २०२१ च्या जुलैत पाणी बांधापर्यंत येऊन फिरलं. गेल्या वर्षी मुलानं घरासाठी कर्जाला अर्ज केला, तेव्हा बँकेचा इंजिनिअर जागा बघून गेला आणि अहवालात लिहिलं, ‘जागा पूरबाधित’. कर्ज अडलं.

नाडकचेरीबाहेरच्या, म्हणजे आमच्याकडच्या महसूल कार्यालयाबाहेरच्या, झेरॉक्सच्या दुकानात मी उताऱ्याच्या प्रती काढत होतो. तिथं तो भेटला. चाळिशीचा, साधे कपडे, बोलणं अगदी आपलं. ‘गुरुजी, तुमचा सर्व्हे नंबर पुराच्या यादीत लागलाय. नकाशात लाल रंगात हाय. तो रंग बदलून घेतला की बँक काय म्हणणार न्हाई. लई जणांचं करून दिलंय, काळजी करू नकासा.’ माझ्या हातातला कानडी कागद घेऊन त्यानं तो भराभर वाचून दाखवला आणि मी तिथंच सैल पडलो.

हे सीमाभागाबाहेरच्या माणसाला कळायला थोडं अवघड आहे. आमचा उतारा कानडीत, नोटीस कानडीत, पंचायतीचा फॉर्म कानडीत. बोलण्यापुरती कानडी मला येते. बाजारात, एसटीत, लग्नात चालून जाते. पण सरकारी कानडी वाचायची म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. अशा वेळी कुणी आपल्या बोलीत ‘गुरुजी’ म्हणून हाक मारली की तो आपला वाटतो. त्या माणसाचं सगळं भांडवल एवढंच होतं. त्याला नकाशातलं काही कळत नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

पहिल्यांदा अर्जासाठी १५ हजार. महिन्यानं ‘लेव्हल काढायला मशीनवाला येणार’ म्हणून ४० हजार. एक पोरगा तिवई घेऊन आला, अर्ध्या तासात फोटो काढून गेला. शेवटी ‘साहेबांची सही झाली, कागद सोडवून घ्यायचाय’ म्हणून ३० हजार. पहिली रक्कम रोख दिली, पुढच्या दोन फोनवरून पाठवल्या. एकाही रकमेची पावती त्यानं दिली नाही. मागितली तर म्हणायचा, ‘पावती केली की साहेब अडचणीत येतील.’ त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता.

त्यानं तीन कागद दिले: एक रंगीत नकाशा, एक इंग्रजी सर्टिफिकेट आणि गोल शिक्का असलेलं एक कानडी पत्र. मुलगा ते घेऊन बँकेत गेला आणि दुपारी परत आला. मॅनेजरनं कागद हातात घेऊन एवढंच विचारलं होतं, ‘हे तुम्हाला कुणी दिलं?’

नकाशावर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा होती, आमचा प्लॉट दोन्हींच्या बाहेर. कोल्हापूरचे पेपर वाचणाऱ्याला हे शब्द पाठ असतात, पंचगंगेच्या निमित्तानं दरवर्षी बातम्या येतात. पण या रेषा महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाच्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. माझी जमीन कर्नाटकात. महाराष्ट्राचं खातं निपाणी तालुक्यातल्या प्लॉटला कुठल्या रेषेबाहेर काढणार? ओळखीचे शब्द दिसले आणि मी ते कुठल्या राज्याचे हे बघितलंच नाही.

इंग्रजी सर्टिफिकेट मी माझ्या भाच्याला पाठवलं. तो टेक्ससमध्ये नोकरी करतो. त्याचा लगेच फोन आला. ‘मामा, हा तर आमच्या इथला फॉर्म आहे.’ तिकडं फेमा नावाची सरकारी संस्था पुराचे नकाशे काढते. दर वर्षी ज्या पुराची शक्यता शंभरात एक आहे, त्याचं पाणी किती उंचीपर्यंत येईल हे त्या नकाशात धरलेलं असतं. घर त्या पट्ट्यात आलं की कर्ज देणारी बँक पुराचा विमा सक्तीचा करते. भाच्याचं घर असंच नकाशात आलं होतं. त्यानं परवानाधारक सर्वेअरकडून उंची मोजून घेतली. घराला लागून असलेली सगळ्यात खालची जमीन पुराच्या त्या पातळीपेक्षा वर निघाली. अर्ज केला आणि नकाशात दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं. त्या पत्राला तिकडं ‘लोमा’ म्हणतात. त्या अर्जाला फेमा फी घेत नाही. खर्च झाला तो सर्वेअरचा. आणि पत्र मिळालं म्हणजे पूर येणारच नाही असं तिकडंही कुणी म्हणत नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

मग त्यानं मला सर्टिफिकेटची खालची ओळ वाचायला लावली. उंची कुठल्या आधारानं मोजली त्या रकान्यात छापलं होतं, ‘नॉर्थ अमेरिकन व्हर्टिकल डेटम १९८८’. उत्तर अमेरिकेतल्या उंची मोजायचा आधार, दूधगंगेकाठच्या प्लॉटला. प्लॉटची उंची लिहिली होती ६१ फूट. आमचा भाग समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून वर आहे. मी मुलांना भूगोल शिकवला आहे. तो आकडा बघून मला रात्रभर झोप आली नाही.

कानडी पत्राचं दुःख सगळ्यात जास्त आहे, कारण त्यावरचा शिक्का खरा होता. शेजारच्या गल्लीत कानडी शाळेतल्या एक बाई राहतात. त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी सावकाश वाचून अर्थ सांगितला: अर्जदारानं मागितल्याप्रमाणे गावनकाशाची नक्कल देण्यात आली आहे. बस्स. त्यानं किरकोळ फी भरून गावनकाशाची नक्कल काढली होती आणि ती दिल्याचं पत्र मला ‘पूर यादीतून नाव कमी केल्याचा आदेश’ म्हणून ३० हजारांना विकलं. बाई घरापासून पन्नास पावलांवर राहतात. पैसे द्यायच्या आधी मी एकदाही त्यांच्याकडं गेलो नव्हतो.

इंग्रजी सर्टिफिकेटवर एक जावक क्रमांक घातलेला होता. तो घेऊन मी संबंधित कार्यालयात १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला. महिन्याच्या आत उत्तर आलं की असा कागद या कार्यालयातून गेलेला नाही. आणि मुळात ‘यादी’ नव्हतीच. बँकेचा इंजिनिअर कुठल्याही नकाशावरून बोलला नव्हता. शेजारच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे, ती बघून त्यानं लिहिलं होतं. जो रंग बदलायला मी पैसे मोजले, तो रंग कुठं नव्हताच.

तक्रारीची गोष्ट वेगळीच. त्या माणसाचं घर सीमेपलीकडं, महाराष्ट्रात. आमच्याकडच्या ठाण्यात सांगितलं, तिकडं जा. तिकडं सांगितलं, पैसे कर्नाटकात दिलेत, तिकडंच तक्रार करा. दोन महिने असेच गेले. शेवटी एका वकिलांनी सांगितलं की नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लेखी अर्जात घालून मी पुन्हा गेलो, तेव्हा नोंद झाली. फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ आहे. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. मी केला तेव्हा चार महिने उलटून गेले होते. खात्यात काही उरलं नव्हतं.

प्लॉटचं काय? हद्दबस्तचा, म्हणजे हद्द मोजून दगड रोवून घ्यायचा अर्ज आम्ही स्वतः केला, पावती घेतली, ‘सकाल’चा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मुदतीत सेवा देण्याच्या योजनेचा नंबर घेतला, सरकारी भूमापकानं येऊन दगड रोवले. मुलगा आता इंजिनिअरला घेऊन शेजारच्या भिंतीवरची खूण मोजतोय. जोतं त्या खुणेच्या वर घेतलं तर खर्च किती वाढतो, याचा हिशोब चाललाय. बँकेला तोच आराखडा दाखवायचा आहे.

परवा रात्री वेदगंगेकाठच्या एका गावातून फोन आला. आमच्याच शाळेत शिकलेला मुलगा. म्हणाला, ‘गुरुजी, एकानं नकाशातून प्लॉट काढून देतो म्हणून १५ हजार मागितलेत, उद्या द्यायचेत.’ वर्णन तेच, तिवईवाला पोरगाही तोच. त्याला म्हटलं, रुपया देऊ नकोस. काल सकाळी तिन्ही कागदांची फाईल घेऊन पहिल्या एसटीनं गेलो आणि त्याच्या ओसरीवर, त्याच्या वडलांसमोर, एकेक कागद उलगडून दाखवला.