माचा घरी करताना: पूड कोणती घ्यावी आणि घुसळावी कशाने

माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची जपानी बारीक पूड, विकत घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर नक्की करावे: हा चहा नुसत्या पाण्यात प्यायचा आहे, की दुधात? बहुतेक जण आधी किमती पाहतात. परंतु पाण्यात उत्तम लागणाऱ्या पुडीची नाजूक चव दुधात हरवते आणि दुधासाठी योग्य असलेली पूड नुसत्या पाण्यात कडू लागते. त्यामुळे हे उत्तर ठरल्याशिवाय दोन डब्यांच्या किमतींची तुलना करण्यात अर्थ नाही.

पुडींमधला फरक मळ्यातच पडतो. माचासाठी लागणाऱ्या पानाला जपानमध्ये तेंचा म्हणतात. हे पान खुडण्यापूर्वी साधारण तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, चहाची झाडे आच्छादनाखाली ठेवली जातात. ऊन कमी मिळाल्याने पानातले हरितद्रव्य वाढते, आणि थिॲनिन नावाचे जे अमिनो आम्ल उन्हात तुरट कॅटेचिनमध्ये बदलले असते, ते बऱ्याच प्रमाणात तसेच टिकून राहते. चांगल्या माचाला येणारी गोडसर, जिभेवर रेंगाळणारी भरीव चव या थिॲनिनमुळे येते. खुडलेले पान लगेच वाफवतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेले पान ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात. असे एक जाते तासाभरात जेमतेम 40 ग्रॅम पूड देते, म्हणजे 30 ग्रॅमच्या एका लहान डब्यासाठी ते पाऊण तास फिरत असते. जाते जोरात फिरवले तर दगड तापतो आणि सुगंध उडून जातो. जात्यावरचे पीठ आणि गिरणीतून आलेले गरम पीठ यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बाजारात मात्र एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली पूड वर्षाच्या पहिल्या तोडणीची, म्हणजे साधारण एप्रिलअखेर ते मे महिन्यात खुडलेल्या कोवळ्या पानांची असते आणि ती पाण्यात पिण्यासाठी असते. तिच्या डब्यावर बहुधा ‘सेरेमोनिअल’ असे लिहिलेले असते, पण या शब्दाला जपानमध्ये कायद्याने ठरवलेला कोणताही दर्जा नाही. तो विक्रेत्यांनी रूढ केलेला शब्द आहे, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर जास्त पैसे मोजू नयेत. उजी, निशिओ, यामे किंवा कागोशिमा असे उत्पादनाचे ठिकाण, तोडणी आणि दळणाची किंवा वापरण्याची अखेरची तारीख डब्यावर स्पष्ट लिहिलेली असेल, तर त्यावर अधिक विश्वास ठेवावा. दुसरी पूड स्वयंपाकासाठीची असते. ती बहुधा नंतरच्या तोडणीच्या पानांची आणि यंत्रावर दळलेली असते, अधिक कडसर असते, आणि नेमक्या त्याच कडसरपणामुळे दूध, साखर किंवा केकच्या पिठातही तिची चव टिकून राहते. तिसरी म्हणजे उन्हात वाढलेल्या सेंचा या नेहमीच्या जपानी हिरव्या चहाची पूड. तीही प्यायला चांगली असते, पण ती माचा नव्हे. याखेरीज साखर आणि दूध पावडर घातलेली तयार मिश्रणे मिळतात. माझ्याकडे आलेल्या पहिल्याच पाकिटावर हिरव्यागार वाडग्याचे मोठे चित्र होते आणि मागे घटकांच्या यादीत पहिले नाव साखरेचे होते. तेव्हापासून मी यादी आधी वाचतो. तिच्यात चहाखेरीज काहीही नसावे. घरातला साधा ग्रीन टी मिक्सरमध्ये फिरवून माचा होईल का, असेही अनेक जण विचारतात. तसे होत नाही. ते पान सावलीत वाढलेले नसते, आणि मिक्सरची पूड पाण्यात रवाळ होऊन तळाशी बसते.

डबा उघडल्यावर पारख करणे सोपे आहे. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवून बोटाने ओढावी. चांगली पूड वस्त्रगाळ असते, तिची सलग आणि गुळगुळीत रेघ उमटते व रंग ताज्या मटारासारखा उजळ हिरवा असतो. हलक्या पुडीची रेघ मध्येच तुटते, बोटाला खर लागते आणि रंग वाळलेल्या मेंदीकडे झुकतो. वासही महत्त्वाचा आहे: नुकत्याच वाफवलेल्या कोवळ्या भाजीसारखा वास आला तर पूड ताजी आहे, आणि सुक्या गवताचा वास आला तर ती जुनी झाली आहे किंवा उष्णतेत राहिली आहे.

पाण्याच्या बाबतीत आपल्याला एक सवय सोडावी लागते. आपला चहा खळखळून उकळल्याशिवाय होत नाही, माचा मात्र उकळत्या पाण्याने कडू होतो. पाणी 70 ते 80 अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात असे दोनदा ओतावे; प्रत्येक ओतण्यात ते ढोबळमानाने दहा अंशांनी उतरते. बोअरवेलच्या जड पाण्यात चव बोथट होते, म्हणून नळाचे मऊ किंवा फिल्टरचे पाणी वापरावे.

नेहमीचा पातळ माचा, म्हणजे उसुचा, करण्यासाठी 2 ग्रॅम पुडीला 60 ते 70 मिलिलिटर पाणी लागते. कोइचा या दाट प्रकाराला सुमारे 4 ग्रॅम पूड आणि त्याहूनही कमी पाणी लागते, आणि तो फेसाळत नाहीत, मळल्यासारखा हळूहळू एकजीव करतात. त्यात पुडीचा प्रत्येक दोष उघडा पडतो, त्यामुळे हाताशी उत्तम पूड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. सुरुवात उसुचानेच करावी.

साधनांमध्ये खरी निवड चासेन, म्हणजे माचा घुसळायची बांबूची काडीदार कुंची, आणि फ्रॉदर, म्हणजे फेस काढणारे बॅटरीवरचे लहान यंत्र, यांच्यात आहे. चासेन एकाच बांबूच्या तुकड्याला बारीक चिरून केलेली असते. नारा प्रांतातील ताकायामा हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. घरासाठी 80 किंवा 100 काड्यांची चासेन पुरेशी होते. ती आपल्या रवीसारखी गोल फिरवायची नसते. मनगट सैल ठेवून, तळाला न घासता, पुढे-मागे झपाझप चालवायची असते, आणि शेवटी पृष्ठभागावरून हलकेच फिरवून मोठे बुडबुडे मोडायचे असतात. पंधरा-वीस सेकंदांत साईसारखा बारीक फेस येतो. फ्रॉदर स्वस्त आहे आणि दुधात उत्तम काम करतो; मात्र थोड्याशा पाण्यात तो मोठे बुडबुडे करतो, ते लगेच विरतात आणि गुठळ्या कडेला चिकटून राहतात. म्हणून पाण्यात पिणाऱ्याने चासेन घ्यावी आणि दुधात पिणाऱ्याने तिच्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थंड माचासाठी दोन्हींची गरज नाही, झाकणाच्या बरणीत पाणी, बर्फ आणि पूड घालून जोरात हलवली की काम होते. पूड आधी बारीक गाळणीतून चाळून घेणे मात्र तिन्ही पद्धतींत आवश्यक आहे. जपानी वाडगा नसला तरी काही अडत नाही, घरातला रुंद तळाचा, जाड काठाचा वाडगा चालतो.

दुधात करताना पूड आधी थोड्या कोमट पाण्यात एकजीव करावी आणि मगच दूध घालावे. थेट दुधात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात.

माचामध्ये पान गाळून टाकले जात नाही, अख्खे पोटात जाते, त्यामुळे 2 ग्रॅमच्या एका वाडग्यात साधारण 60 ते 70 मिलिग्रॅम कॅफीन असते. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी तो दुपारनंतर टाळावा. चहातील घटक अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी तो जेवणासोबत घेऊ नये.

डबा लहानच घ्यावा, कारण उघडल्यावर महिन्याभरात रंग आणि वास उतरू लागतात. उन्हाळ्यात तो घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरून पूड चिकटते. चासेन वापरण्यापूर्वी तिच्या काड्या मिनिटभर कोमट पाण्यात भिजवाव्यात आणि नंतर ती साबणाशिवाय धुवावी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती बंद डब्यात ठेवली तर काड्यांच्या मुळाशी बुरशी येते, म्हणून त्या चार महिन्यांत ती खिडकीजवळ, वारा लागेल अशा जागी, उघडीच ठेवावी.