‘वक्ता म्हणून आपली निवड झाली आहे’ असा निरोप आला, तर

आपल्या क्षेत्रातल्या परिषदांमध्ये बोलायला सुरुवात करू पाहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. असे निरोप नवख्यांनाच गाठतात.

लिंक्डइनवरच्या माझ्या लेखाचं कौतुक करून एका आयोजकाने कळवलं, की मुंबईत पंचतारांकित हॉटेलात राष्ट्रीय परिषद आहे आणि वक्ता म्हणून माझी निवड झाली आहे. माहितीपत्रकावर नामांकित कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचे फोटो. पाठोपाठ फोन: “सर, दोनच स्लॉट उरलेत, आजच कन्फर्म करा.” ‘स्पीकर पॅकेज’ ३५,००० रुपये, वर जीएसटी. त्यात भाषण, ट्रॉफी, फोटो, व्हिडिओ. मी बोलणार कशावर, हे मात्र शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

मी पैसे भरून गेलो. सभागृहात श्रोते नव्हतेच. बसलेले सगळे पैसे भरून आलेले वक्ते. २० मिनिटं ठरलेली, पण सूत्रसंचालक पाचव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवायचा. ज्याचं बोलून झालं तो ट्रॉफीसोबत फोटो काढून निघून जायचा. नाशिकहून आलेल्या एका मुलीने क्रेडिट कार्डावर हप्ते करून पैसे भरले होते. तिचा नंबर लागला तेव्हा पुढच्या दोन रांगाही भरलेल्या नव्हत्या. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं. इतकी तयारी करून आलेल्या माणसाला ऐकायला कुणी नसावं?

माहितीपत्रकावरच्या एका पाहुण्यांना मी नंतर विचारलं. त्यांना या परिषदेचा पत्ताच नव्हता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर तो रद्द झालेला. या दोन्ही गोष्टी पैसे भरण्याआधीही तपासता येतात, फुकट.

प्रकार जुनाच आहे. शास्त्रीय नियतकालिकं काढणाऱ्या आणि परिषदा भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने खटला भरला, त्यात नामवंत संशोधक परिषदेला येणार असल्याची खोटी जाहिरात हाही आरोप होता. २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

शास्त्रीय परिषदांत नोंदणी शुल्क असतं, हे खरं. पण तिथे आधी सारांश मागवतात, तपासतात, नाकारतातही. टेडएक्सच्या नियमांनुसार वक्त्याकडून पैसे घेता येत नाहीत. पायकॉन इंडिया या पायथन प्रोग्रामिंगच्या परिषदेला भाषणाचा प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं. आणि सराव हवा असेल, तर जवळच्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये पाहुणा म्हणून जाऊन बसा. तिथे निदान ऐकणारी माणसं असतात.

ऑनलाइन पैसे गेले असतील, तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मेल, चॅट, माहितीपत्रक, पावती यांतलं काहीही पुसू नका. तक्रार देताना तेच लागतं.