समूह मोजावेत की लेन्सिंग करावं?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं दिवाळीनंतर प्रकल्पाचा विषय ठरवायला घरी येतात. सोलापुरात या विषयावर बोलायला माणसं कमी, म्हणून लिहूनच ठेवतो. मी दोन्ही केलंय, आधी दीर्घिकांचे समूह, मग सीएमबी लेन्सिंग. सीएमबी म्हणजे विश्वाच्या बालपणी निघालेला, आजही सगळ्या दिशांनी येणारा सूक्ष्मलहरींचा प्रकाश; वाटेतल्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो ते लेन्सिंग.

समूह आधी मनात भरतात. कोमा समूहाचा फोटो समोर ठेवता येतो. 1933 मध्ये खगोलशास्त्रज्ञ झ्विकीला अदृश्य द्रव्याचा संशय आला तो त्याच समूहावरून. सीएमबी मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या 2015 च्या विश्लेषणातले 439 समूह एका साध्या तक्त्यात मावतात. कोणत्या काळात किती जड समूह होते ते मोजायचं आणि त्यावरून सिग्मा-एट काढायचा, म्हणजे विश्वातलं द्रव्य किती गुठळ्या धरून आहे ते सांगणारा आकडा.

घोडं अडतं ते ‘जड’पाशी. समूह काट्यावर ठेवता येत नाही. त्यातला तापलेला वायू स्थिरावलाय असं धरून वजन काढतात. तो तसा नसतो, त्यामुळे वजन कमी भरतं. मग त्याला दुरुस्तीचा एक आकडा लावायचा, मोजलेलं वजन खऱ्या वजनाच्या किती पट आहे तो. मी 0.8 धरला की सिग्मा-एट सीएमबीवरून निघणाऱ्या सिग्मा-एटपेक्षा कमी यायचा. जुळवायला 0.58 च्या आसपास जावं लागे. एप्रिल-मेचा तो उन्हाळा मी हा एकच आकडा वरखाली करण्यात घालवला. मी जे आत घालत होतो तेच बाहेर येत होतं, आणि ते मला सहन झालं नाही.

लेन्सिंगमध्ये हा वायू आड येत नाही. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना निघालेला प्रकाश, म्हणजे सीएमबी, वाटेत साधारण अडीच कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या बाराव्या हिश्शाइतका. घरातल्या चादरीवर भिंग धरून बघा. नक्षीची वीण ओळखीची असली की ती कुठे ताणली गेलीय ते कळतं आणि त्यावरून भिंगाचा अंदाज येतो. वाटेतलं सगळं द्रव्य, दिसणारं आणि न दिसणारं, असं एकदमच मोजलं जातं.

त्रास इथेही आहे. प्लांकच्या सीएमबी नकाशात 5 कोटी 3 लाख ठिपके असतात आणि काढलेल्या लेन्सिंगच्या नकाशात डोळ्यांना नुसती खरखर दिसते. सिम्युलेशनं रात्र-रात्र चालतात. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा प्रत्येक टप्प्याची फाइल जपून ठेवा.

समूहांबद्दलची माझी तक्रार थोडी जुनी झाली असेल. 2024 मध्ये ईरोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या 5259 समूहांचं उत्तर सीएमबीशी चांगलं जुळलं. पण ती वजनं कशाच्या आधारावर पक्की केली होती? समूहांमागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वळतो, त्यावरून. म्हणजे समूहांनाही शेवटी लेन्सिंगचाच आधार घ्यावा लागला.

हाताशी चारच महिने असतील तर समूह घ्या, त्यातही शिकायला भरपूर आहे. सहा महिने असतील आणि पायथनवर हात बसलेला असेल, तर मी लेन्सिंगच सुचवेन. प्लांकचे नकाशे फुकट मिळतात, रात्री डाउनलोडला लावून झोपा.