‘सरदार घराण्यातलं माणिक’ आणि माझे ६८,५०० रुपये

बडोद्यात हॉटेलांचे हॉल भाड्याने घेऊन ‘जुन्या दागिन्यांची’ प्रदर्शनं भरतात, तिथून कृपा करून खड्याची अंगठी घेऊ नका. निदान हे वाचून मग जा. माझे ६८,५०० रुपये गेले. सांगायची लाज वाटते, पण राग त्याहून मोठा आहे.

होणाऱ्या सुनेला साखरपुड्यात जुन्या घाटाची माणकाची अंगठी द्यायची होती. सासूबाईंची होती, ती अडचणीच्या काळात मोडावी लागली. नवी घडवायला घडियाळी पोळात सराफ आहेतच, पण मला जुनीच हवी होती, म्हणून प्रदर्शनात गेले.

विक्रेता अस्सल बडोदेकर मराठी बोलणारा. “काकू, माहेर दांडिया बाजारातलं का?” इथून सुरुवात. मग बडोद्याचे राजे खंडेराव महाराज गायकवाड यांनी घेतलेला ‘स्टार ऑफ द साऊथ’ हिरा, त्यांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा, तो २००९ साली दोह्याच्या लिलावात कसा विकला गेला, सगळं सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्या अंगठीशी मात्र त्यातल्या कशाचाच संबंध नव्हता. ती म्हणे एका सरदार घराण्यातली, शंभर वर्षांपूर्वीची, आणि घरच्यांना नाव बाहेर येऊ द्यायचं नाही. अशी घराणी इथे होती, आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तर हे बोलणं आपल्यापुढे चालतं. यापुढे कुणी घराण्याचं नाव घेतलं की आधी कागद मागा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्याने स्वतः भिंग माझ्या हातात दिलं आणि अंगठीच्या आतला ‘९१६’चा, म्हणजे २२ कॅरेट सोन्याचा, शिक्का दाखवला. मी विचारलंसुद्धा, “इतकी जुनी आणि हॉलमार्क?” कारण आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं तेच २००० साली. तो न अडखळता म्हणाला, “तुमच्यासारख्यांना खात्री वाटावी म्हणून नंतर करून घेतलाय.” उत्तर बिनचूक बसत होतं. जुन्या दागिन्यावर नंतर हॉलमार्क करून घेता येतो. पण २०२१ पासूनच्या हॉलमार्कमध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, अशा तिन्ही खुणा असतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. इथे नुसता ९१६. तो आकडा कुणीही ठोकू शकतो. एचयूआयडी तपासायचं बीआयएस केअर ॲप माझ्या फोनवर होतं! पण प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, मागे गर्दी, शेजारी सून उभी, आणि तो “काकू, काकू” करत चहा मागवतोय. अशा वेळी फोन काढून माणसाची झडती कोण घेतं? सोनं मी वर्षानुवर्षं घेत आले आहे, बावळट नाही.

८५,००० सांगितले, ६८,५०० ला दिली. २०,००० यूपीआयने, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर, आणि ४८,५०० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “तीन टक्के जीएसटी वर पडेल, कशाला?” म्हणजे २,०५५ रुपये. पक्क्या बिलाचे पैसे वाचवू नका! सोबत प्रयोगशाळेचं गुळगुळीत कार्ड होतं, ‘नैसर्गिक माणिक’ लिहिलेलं. क्यूआर स्कॅन केल्यावर खऱ्यासारखं पान उघडलं. तो कोड कार्डावर छापणाराच ठरवतो कुठे न्यायचं ते. प्रयोगशाळेचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून तिथे अहवालाचा क्रमांक घाला.

अंगठी सुनेला सैल होत होती, म्हणून आमच्या नेहमीच्या सोनाराकडे दिली. त्याने हातात घेतली आणि म्हणाला, “हलकी लागतेय.” चांदीवर सोन्याचा मुलामा निघाला. कोंदण मागून बंद होतं; ते उचकटलं तर खड्याखाली चमकीचा लाल पत्रा. भिंगातून खड्यात बुडबुडे आणि तिरकं धरलं की निळसर झाक. प्रयोगशाळेत ९०० रुपये भरून तपासणी केली: भेगांमध्ये शिशाची काच भरलेलं माणिक. अशा खड्याला सोनाराची आच लागली तरी तो बिघडतो, लिंबाच्या रसानेही काच खराब होते. सगळ्याची किंमत सोनाराने साडेतीन हजार सांगितली.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, “माणिकच दिलंय, काच दिली असं कोण म्हणतं?” मग त्याने नंबर बंद केला.

हेच वाक्य पोलीस ठाण्यात पुन्हा ऐकावं लागलं. “माणिक तो छे ने? तमे जाते ज पसंद करी ने?” म्हणजे माणिक तर आहे ना, तुम्ही स्वतःच पसंत केलीत ना? मग “बेन, अरजी आपी जाव,” अर्ज देऊन जा. अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. दिवाणी मामला आहे म्हणे. चांदीवर मुलामा देऊन ९१६ ठोकणं दिवाणी? हॉटेलवाले म्हणाले, हॉल कुणी घेतला ते पोलिसांच्या पत्राशिवाय सांगणार नाही. पोलीस म्हणाले, आधी त्याचा पत्ता आणा, मग बघू. पत्ता मी आणायचा! सायबरवाल्यांनी रोख रकमेकडे पाहिलंच नाही, आणि २०,००० बद्दल म्हणाले की पिन तुम्ही स्वतःच टाकलात. बँकेचंही तेच. हॉलमार्कची तक्रार करायला गेले तर बिल दाखवा. नियमाप्रमाणे शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण विकणारा कोण हेच कागदावर नसेल तर ती मागायची कुणाकडे? माझ्याकडे दुकानाचं नाव नसलेली ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी. प्रत्येक खिडकीवर माझीच उलटतपासणी, त्या माणसाची कुणीच नाही. एका साहेबांनी तर “एवढी हौस कशाला?” विचारलं. माझ्या सुनेला मी काय द्यावं हे त्यांनी ठरवायचं का?

एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार टपालाने पाठवा. मी पाठवली आहे. ग्राहक आयोगात जिथे आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. माझा अर्ज तयार आहे: अहवाल, यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, ती चिठ्ठी. निरोप पुसू नका, रागातसुद्धा नाही.

आणखी एक. अंगठी खरोखर जुनी असली म्हणून खडा नैसर्गिक असतो असं नाही. कारखान्यात माणिक बनवायची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्युई यांची पद्धत १९०२ सालीच प्रसिद्ध झाली होती. आजीच्या काळातल्या अंगठीतही असा खडा असू शकतो. बंद कोंदणातला खडा तपासल्याशिवाय घेऊच नका. तपासणीला नाही म्हणणारा विक्रेता असेल तर उठून या, चहा झाला असला तरी.

बडोद्यात किंवा आसपास कुणाला ‘सरदार घराण्यातली’ वस्तू अशीच विकली गेली असेल तर तारीख, हॉल आणि रक्कम लिहून ठेवा आणि स्वतःची वेगळी तक्रार द्या. मी एकटी असेन तोवर ते दिवाणी मामला म्हणत राहतील.